पाठवून ठेवा कोटेशन, बघू

भोसरी किंवा चाकणच्या कुठल्याही कारखान्यात सकाळी साडेदहाला फोन लावा आणि सॉफ्टवेअर, फायरवॉल (इंटरनेटवरून आत येणारं सगळं तपासणारा बॉक्स), सर्व्हर असं काहीही विकायला काढा. पलीकडून हमखास येणारं उत्तर म्हणजे, "पाठवून ठेवा कोटेशन, बघू."

या चार शब्दांचे निदान पाच अर्थ होतात. एक, नको आहे, पण तोंडावर नाही म्हणवत नाही. दोन, घ्यायचं आहे, पण दुसऱ्याकडून. तुमचा कागद फाइलमध्ये तिसरं कोटेशन म्हणून लागेल. तीन, घ्यायचं आहे, पण ठरवणारा मी नाही आणि ते मी तुला कळू देणार नाही. चार, यंदा पैसे नाहीत. आणि पाच, खरंच पाठवून ठेवा, बघतो. कॉलेजातून आलेल्या मुलाला किंवा मुलीला हे पाचही अगदी सारखेच ऐकू येतात. संध्याकाळी तक्त्यात नोंद होते, 'कस्टमर इंटरेस्टेड, कोटेशन मागितलं', आणि रात्री झोप छान लागते.

टेक्नॉलॉजी सेल्समध्ये वर्षभर उमेदवारी करायची म्हणजे मुख्यतः हे पाच अर्थ वेगळे ओळखायला शिकायचं. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

'प्लेसमेंट' म्हटलं की आपल्याकडे कॅम्पसमधून लागलेली नोकरी डोळ्यांपुढे येते. ब्रिटनमध्ये मात्र 'प्लेसमेंट इयर' म्हणजे अशीच वर्षाची उमेदवारी: पदवीच्या मधोमध एक अख्खं वर्ष कंपनीत काढायचं आणि मग शेवटच्या वर्षाला परत यायचं. अशा पदवीला तिकडे 'सँडविच' म्हणतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे अप्रेंटिसशिप. त्यामागचा कायदा १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीने त्यात इंजिनिअर आणि डिप्लोमावाले आले, आणि २०१४च्या दुरुस्तीने बीकॉम, बीएवाल्यांनाही दार उघडलं. विक्रीच्या टेबलावर आज जी मुलं दिसतात त्यांतली बरीच या दुसऱ्या दारातून आलेली असतात. २०१९च्या नियमांनी पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये ठरवला होता. केंद्राच्या 'नॅट्स' या अप्रेंटिसशिप योजनेत किमान रकमेचा अर्धा वाटा सरकार उचलतं.

पुण्यात ९,००० रुपयांत कॉट बेसिस आणि मेस कशीबशी निघते, हे सांगायला अर्थशास्त्र नको. म्हणून रुजू होण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात. पेठेतून चाकणला जाऊन यायचं तर सत्तर-ऐंशी किलोमीटर होतात, त्याचं पेट्रोल कोण देणार? आणि इन्सेंटिव्ह कशावर: ऑर्डर आल्यावर, बिल झाल्यावर की पैसे आल्यावर? या तिन्हींत चार-चार महिन्यांचं अंतर पडू शकतं. कायद्याने अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे. पीएफ त्याला लागू होत नाही, आणि वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचं बंधनही कंपनीवर नाही. हे आधी माहीत असलेलं बरं.

पण वर्षच का? सहा महिने का पुरत नाहीत? कारण खरेदीला पंचांग असतं. जूनमध्ये बजेट नुकतं मंजूर झालेलं असतं आणि सगळे जपून असतात. पितृपक्षात जुन्या वळणाचे मालक सह्या करत नाहीत. दसऱ्याला नवा सर्व्हर पूजेत असावा म्हणून त्याच्या आधी आठवडाभर एकदम घाई. दिवाळीच्या आसपास "दिवाळीनंतर बोलू". जानेवारीपासून हालचाल, आणि मार्चमध्ये धुमश्चक्री. सरकारी कार्यालयांत तर ३१ मार्चला न खर्चलेला पैसा परत जातो, म्हणून वर्षभर न हललेली फाइल शेवटच्या पंधरवड्यात पळते.

यावर, ज्यांचा माल आपण विकतो त्या परदेशी कंपन्यांचं दुसरं पंचांग बसतं. मायक्रोसॉफ्टचं आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, ओरॅकलचं मेअखेर, सिस्कोचं जुलैच्या शेवटी, सेल्सफोर्सचं ३१ जानेवारीला. एरवी दोन टक्क्यांसाठी रडवणारा कंपनीचा माणूस वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःहून फोन करून सवलत देतो. गिऱ्हाइकाचा मार्च आणि विकणाऱ्याचा जून, या दोन तारखांच्या मध्ये सौदा कुठे बसतो हे ज्याला कळलं त्याला धंदा कळायला लागला. जूनमध्ये येऊन नोव्हेंबरात निघून गेलेल्या इंटर्नला यातलं अर्धंच दिसतं, आणि तेही रिकामं अर्धं.

पहिले तीन महिने यादी आणि फोन. यादी बहुधा शिळी असते: कंपनी बंद पडलेली, नंबर बदललेला, साहेब दोन नोकऱ्या पुढे गेलेले. ती साफ करायला जीएसटी क्रमांक उपयोगी पडतो. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. पुढची दहा म्हणजे पॅन. एकाच पॅनखाली तीन राज्यांत नोंदणी दिसली तर शाखा तीन आहेत, आणि खरेदी कुठून होते हे विचारायला निमित्त मिळालं. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. हे ठाऊक नसलेली मुलं गुरुवारी साठ फोन लावतात आणि 'लोक फोनच उचलत नाहीत' म्हणून हिरमुसतात.

फोनचं गणित साधं आणि निर्दयी आहे. पन्नास-साठ फोन लावले तर आठ-दहा जण धड बोलतात. त्यातून एखादी भेट ठरली तर दिवस चांगला. पण व्यवस्थापक मोजतो ते फोन, कारण ते मोजायला सोपे. मग मुलंही फोनच करतात. समोरच्याने 'हॅलो' म्हणायच्या आत, "आम्ही आयटी सोल्युशन्समधली अग्रगण्य कंपनी…" सुरू.

हे पाठांतर टेबलावर कुठून आलं याची गंमत आहे. अमेरिकेतल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा मालक जॉन पॅटरसन याने १८८७च्या सुमारास आपल्या विक्रेत्यांकडून गल्ल्याचं यंत्र विकण्याचं संभाषण शब्दशः घोकून घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला ठरलेला इलाखा आणि ठरलेलं लक्ष्यही तिथलंच. तिथे तयार झालेला थॉमस वॉटसन पुढे ज्या कंपनीचा प्रमुख झाला तिचं नाव १९२४ साली आयबीएम झालं. म्हणजे आज चिंचवडमधल्या मुलीपुढे ठेवलेल्या 'स्क्रिप्ट'चं, 'टेरिटरी'चं आणि 'टार्गेट'चं घराणं गल्ल्याच्या यंत्राचं आहे. गल्ला एकदा बघून विकत घेता येतो. फायरवॉल तसा घेता येत नाही, आणि स्क्रिप्ट तिथेच अडकतं.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. छोट्या कंपन्यांत नव्या मुलाला सांगतात, "तुझ्याच मोबाइलवरून कर." करू नये. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८च्या नियमांनुसार प्रचाराचे फोन नोंदणीकृत मार्गानेच व्हायला हवेत, आणि ऑगस्ट २०२४मध्ये ट्रायने नोंदणी नसलेल्यांच्या जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायला सांगितलं. तक्रार झाली तर नंबर तुमचा जातो, कंपनीचा नाही. बँक आणि आधार त्याच नंबराला जोडलेले असतात.

चांगला फोन कसा असतो? साधारण असा:

"नमस्कार सर, एकच विचारायचं होतं. तुमच्या फायरवॉलचं लायसन्स कधी संपतंय?"

"का हो?"

"संपायच्या तीन महिने आधी फोन करीन. तोवर त्रास देत नाही."

"फेब्रुवारीत. चौदा असेल बहुतेक. पण आमचा माणूस ठरलेला आहे."

"चालेल ना सर. कोटेशन कुणाच्या नावाने लागतं तुमच्याकडे?"

"परचेसच्या मॅडमच्या. पण आधी मला पाठवा."

पाऊण मिनिट झालं असेल. तेवढ्यात तारीख कळली, जुना विक्रेता आहे हे कळलं, कागद कुणाकडे जातो ते कळलं. शेवटच्या वाक्यातून सगळ्यात मोठी गोष्ट कळली: तांत्रिक होकार या माणसाचा लागतो. जुन्या कारखान्यांत या साहेबांच्या दारावर अजून 'ईडीपी' अशी, संगणक विभागाच्या जुन्या नावाची पाटी असते. तिथे 'सीआयओशी (आयटीच्या प्रमुखाशी) बोलायचंय' म्हणून ऑपरेटरला सांगितलं तर ती फोन एचआरला जोडते. "कुणाच्या नावाने?" हा प्रश्न पाच अर्थांची चाळणी आहे. नको असलेला माणूस म्हणतो, "असंच पाठवा." पैसे नसलेला म्हणतो, "घाई नाही." अधिकार नसलेला क्षणभर थांबतो. तो थांबलेला क्षण ऐकू यायला लागायला साधारण गणपती उजाडतात.

डेमोबद्दल फार लिहीत नाही. डेमो प्री-सेल्सचा, म्हणजे विक्रीआधी तांत्रिक बाजू सांभाळणारा इंजिनिअर देतो. उमेदवाराने कोपऱ्यात बसून कोण काय विचारतंय ते लिहावं, आणि समोरच्यांचं इंटरनेट चालेल यावर विसंबू नये.

खरी शाळा कोटेशनची. समजा, एकशेवीस माणसांच्या कारखान्याला फायरवॉल हवा आहे. नवशिक्या माहितीपत्रक उघडतो, वर ठळक दिसतं '१० जीबीपीएस', आणि तो खूश होतो. एका बऱ्याच चालणाऱ्या छोट्या मॉडेलच्या कागदावर हाच आकडा आहे, आणि त्याच कागदावर खाली सगळ्या तपासण्या चालू असतानाचा आकडा आहे ७०० एमबीपीएस. गिऱ्हाइकाची इंटरनेट लाइन एक जीबीपीएसची, म्हणजे १,००० एमबीपीएसची असेल तर हा बॉक्स ती लाइन गुदमरवणार, आणि शिव्या विकणाऱ्याला बसणार. वाचायचा तो खालचा आकडा.

मग सुटलेल्या वस्तू. छोटा बॉक्स टेबलावर ठेवायचा असतो, १९ इंची रॅकमध्ये तो बसत नाही; ट्रे वेगळा घ्यावा लागतो. गेटवरच्या ऑफिसातून शॉपपर्यंत (यंत्रं चालतात त्या शेडपर्यंत) फायबर असेल तर ती बॉक्सला जोडणारं एसएफपी मॉड्यूल लागतं, आणि ते बॉक्समध्ये येत नाही. मॉड्यूल घेतलं तरी त्याचं तोंड बहुधा एलसी या लहान प्रकारचं असतं आणि भिंतीवरच्या जुन्या जोडणीचं एससी या मोठ्या प्रकारचं, त्यामुळे दोन्ही टोकं वेगळी असलेली पॅचकॉर्ड (जोडणीची छोटी केबल) लागते. काहीशे रुपयांची वस्तू. पण ती नाही म्हणून इंजिनिअर चाकणहून रिकामा परत येतो, दुसरी फेरी फुकट होते आणि इन्स्टॉलेशनची सही आठवडाभर लांबते. सही नाही तर पेमेंट नाही. फायबर सिंगल मोड की मल्टिमोड हेही आधी विचारावं. बऱ्याचदा केबलच्या अंगावरच छापलेलं असतं, त्याचा फोटो मागवावा.

तारखांचा घोळ याहून वाईट. सबस्क्रिप्शन एक वर्षाचं, पण वर्ष कधीपासून? काही कंपन्या बॉक्स रजिस्टर केल्यापासून धरतात, काही माल निघाल्यापासून ठरावीक दिवसांनी आपोआप सुरू करतात. गिऱ्हाइकाची नवी इमारत दोन महिने रखडली तर खोक्यातल्या खोक्यात दोन महिने जळाले. नूतनीकरण उशिरा केलं तर मधल्या काळाचेही पैसे लावणाऱ्या कंपन्या आहेत. हे कोटेशनच्या तळाशी एका ओळीत लिहिलं की पुढची अर्धी भांडणं मिटतात. त्याच तळाशी: जीएसटी १८ टक्के वेगळा, दर किती दिवस टिकणार (डॉलर हलतो, म्हणून सात किंवा पंधरा दिवस), माल किती आठवड्यांत, पैसे आगाऊ की तीस दिवसांनी.

आणि मग मार्जिन. इथे बीकॉमवालाही घसरतो. वस्तू ८०,०००ला आली, 'वीस टक्के लाव' म्हटल्यावर तो ९६,००० लिहितो. व्यवस्थापकाला हवे होते १,००,०००. ९६,०००वर १६,००० म्हणजे विक्रीच्या पावणेसतरा टक्क्यांच्याही किंचित खाली. वीस टक्के मार्जिन म्हणजे विक्रीतले वीस, खरेदीवरचे नव्हेत.

आता १,००,०००वर गिऱ्हाईक म्हणतं, "पाच टक्के तरी सोडा." पाच हजार सोडले म्हणजे आपल्या वीस हजारांतला चौथा हिस्सा गेला. पुढे बघा. सवलत न देताही वितरकाला जीएसटीसह द्यायचे ९४,४००. गिऱ्हाइकाचं बिल १,१८,०००. त्यातल्या १८,०००मधून भरलेले १४,४०० वजा जाऊन सरकारला उरलेले ३,६०० पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत भरायचे, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. म्हणजे ९८,००० रुपये आपले अडकले. नव्वद दिवस अडकले आणि बारा टक्क्यांनी व्याज धरलं तर सुमारे २,९०० आणखी गेले. सवलत, उधारी आणि इंजिनिअरच्या दोन फुकट फेऱ्या मिळून निम्म्याच्या आसपास नफा संपतो, आणि ऑफिसात पेढे वाटलेले असतात. हे गणित कुणी करून दाखवलं नाही तर उमेदवाराने स्वतः मागावं. सवलत मागणाऱ्याला त्यानंतर तो जे उत्तर देतो त्याचा सूरच वेगळा असतो. "पाच टक्के नाही जमणार, पण आगाऊ दिलेत तर दोन बघतो" हे वाक्य कुठल्या स्क्रिप्टमध्ये नसतं.

तिसऱ्या कोटेशनची गोष्ट राहिली. बहुतेक कंपन्यांत खरेदीला तीन कोटेशनं लागतात, तुलनात्मक तक्ता होतो, सर्वांत कमी तो 'एल-वन'. पण पुष्कळदा पहिला आधीच ठरलेला असतो. खुणा ओळखीच्या आहेत: नेमका पार्ट नंबर लिहून मागणी आली, उत्तर उद्या सकाळपर्यंत हवं आहे, आणि आपण काही विचारलं तर "तुम्ही फक्त रेट द्या". तशात मूळ कंपनीकडे 'डील रजिस्ट्रेशन' नावाची सोय असते. जो विक्रेता सौद्याची नोंद आधी करतो त्याला खास दर, मागाहून आलेल्यांना साधा. आपण कितीही कमी केलं तरी तो दर आपल्याला मिळत नाही. अशा मागणीवर रात्री अकरापर्यंत बसण्यापेक्षा दहा मिनिटांत सरळ दर पाठवावा आणि एवढंच विचारावं, "पुढच्या वेळी स्पेसिफिकेशन ठरवताना बोलवाल का?" काही जण बोलावतात.

मार्च संपला की वर्ष संपलं असं वाटतं, पण शहाणपण एप्रिल-मेमध्ये मिळतं, कारण तेव्हा वसुली असते. मार्चमध्ये घाईने कापलेल्या बिलांचे पैसे येत नाहीत. पीओवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या परचेस ऑर्डरवर, शाखेचा पत्ता एक आणि बिलावर दुसरा. डिलिव्हरी चलनावर स्टोअरचा शिक्का नाही. पीओत 'फायरवॉल विथ लायसन्स' अशी एकच ओळ आणि बिलात दोन, म्हणून अकाउंट्सच्या संगणकात ते जुळत नाही. गिऱ्हाईक वाईट नसतं. कागद जुळत नसतो. म्हणून पीओ आला की आनंद करण्याआधी कोटेशन शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडावा, आणि चूक दिसली तर माल निघण्याआधी दुरुस्त पीओ मागवावा. माल पोहोचल्यावर कुणी दुरुस्त करून देत नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे मुदतीत (फार तर ४५ दिवसांत) न दिल्यास देणाऱ्याला आयकरातली वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते, ही तरतूद बरीच मुलं धमकीसारखी वापरतात. पण नुसती फेरविक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला तिचा आधार मिळत नाही. समोरच्या अकाउंटंटला हे ठाऊक असतं, आणि मग पंचाईत होते.

बारा महिने नुसते फोन करून घेणाऱ्या जागाही आहेत. तिथे सहाव्या महिन्यात स्पष्ट मागावं: एक कोटेशन स्वतः बनवू द्या, एक इन्स्टॉलेशन बघू द्या, एक वसुली माझ्याकडे द्या. तिन्ही नाकारलं तर तो मुलगा शिकत नाहीये, स्वस्तात राबतो आहे.

आणि हरलेल्या सौद्यांची वही ठेवावी. सीआरएममध्ये (गिऱ्हाइकांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये) 'लॉस्ट – प्राइस' असा पर्याय असतो, सगळे तोच निवडतात, आणि बहुतेकदा तो खोटा असतो. फोन करून विचारलं की गिऱ्हाईक हरलेल्याला खरं कारण मोकळेपणी सांगतं. आता त्याला कसली भीती नसते.

मे महिन्याच्या शेवटी ती यादी पुढच्या उमेदवाराच्या हाती जाते. तीनशे ओळींत कामाच्या चाळीस असतील. त्यातली एक अशी असावी: 'लायसन्स १४ फेब्रुवारी. गुरुवारी बंद. कागद परचेस मॅडमच्या नावाने, पण आधी ईडीपी सरांना. शॉपकडचं फायबर एससी, सिंगल मोड. यंदा गेलं. भावामुळे नाही. दुसरा ब्रँड दीड महिना लावून बघायचा होता त्यांना, आपण नोव्हेंबरात गेलो, मध्ये त्यांचं ऑडिट आलं, वेळ उरला नाही. जुन्याकडूनच एक वर्षाचं रिन्यू केलं. पुढचा फोन गणपती झाल्या झाल्या. पितृपक्षात ऑर्डर निघत नाही त्यांची, पण चाचणीचा बॉक्स लावून घेतात, विचारलंय.'